हिरव्या दिव्याचे सेकंद कुणाच्या वाट्याला?

रस्ता रुंद करायचा ठरला की नकाशे निघतात, मोजणी होते, हरकती मागवल्या जातात, वर्तमानपत्रांत वाद झडतात. उड्डाणपूल तर निवडणुकीचाच मुद्दा होतो. पण त्याच रस्त्यावरच्या सिग्नलची हिरवी वेळ ४० सेकंदांवरून ५५ वर गेली आणि आडव्या रस्त्याची तेवढीच कमी झाली, तर त्याचा कुठे गवगवा होत नाही. कुणीतरी कंट्रोलरच्या पेटीत नवे आकडे भरतो, पेटीला कुलूप लागते आणि दुसऱ्या दिवसापासून हजारो माणसांचा वेळ एका बाजूकडून काढून दुसऱ्या बाजूला दिला जातो. ज्यांचा गेला त्यांना एवढेच जाणवते की हल्ली हा सिग्नल फार वेळ लागतो.

सिग्नल एकमेकांशी जुळवलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक वीटही न हलवता शहराची वाहतूक सुधारणारे उपाय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील आणि त्यांत हा पहिला. पण जुळवणी कुणासाठी, कोणत्या वेगाला धरून आणि लाल दिव्यावर कुणाला किती थांबवून, हे प्रश्न तांत्रिक म्हणून बाजूला सारले जातात. ते तांत्रिक नाहीत. उत्तर काढायला गणित लागते, पण काय साधायचे ते गणित सांगत नाही. ते शहराने, उघडपणे, आकडे समोर ठेवून ठरवायला हवे.

हे का म्हणतो ते कळायला जुळवणी होते कशी, ते थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल. प्रत्येक सिग्नलचे एक आवर्तन असते: एका बाजूला हिरवा लागल्यापासून सगळ्या बाजूंची पाळी होऊन पुन्हा तिथेच हिरवा लागेपर्यंतचा काळ. जे सिग्नल जुळवायचे त्यांचे आवर्तन सारखे असावे लागते, नाहीतर एकदा जुळलेले दिवे पुढच्याच फेरीत एकमेकांना सोडून देतात. आवर्तन सारखे केले की पहिल्या चौकात हिरवा लागल्यावर किती सेकंदांनी पुढच्या चौकात लावायचा, ते ठरवायचे. अभियंते या फरकाला ऑफसेट म्हणतात. तो बरोबर बसला की गाड्यांचा जथा चौकामागून चौक न थांबता ओलांडतो आणि रस्त्यावर हिरवी लाट तयार होते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९१७ साली सहा चौकांचे सिग्नल एकमेकांना जोडून एकाच ठिकाणाहून हाताने चालवले जात होते. १९६० च्या दशकात टोरांटोने या कामाला संगणक लावला आणि त्याच दशकात जॉन लिटल यांनी दोन्ही दिशांना जास्तीत जास्त रुंद हिरवी वाट कशी मिळवायची याचे रीतसर गणित मांडले. म्हणजे ज्ञान नाही म्हणून सिग्नल जुळत नाहीत, असे म्हणायला वाव नाही.

अडचण वेगळीच आहे आणि ती साध्या हिशेबात दिसते. दोन चौकांत ४०० मीटर अंतर आहे, गाड्या ताशी ४० किलोमीटरने जातात आणि निम्मा वेळ दिवा हिरवा असतो, असे धरू. ४०० मीटर जायला ३६ सेकंद लागतात. तेव्हा दुसरा दिवा पहिल्यानंतर ३६ सेकंदांनी हिरवा झाला की पहिल्या चौकातून सुटलेला जथा थेट पुढे निघतो. आता समोरून येणाऱ्यांचे पाहा. ते दुसऱ्या चौकातून ३६व्या सेकंदाला सुटतात आणि पहिल्या चौकात ७२व्या सेकंदाला पोचतात. आवर्तन नेमके ७२ सेकंदांचे असेल तर त्याच क्षणी तिथे पुन्हा हिरवा लागतो आणि दोन्ही दिशांची सोय होते. पण शहरातले चौक असे मोजूनमापून बसवलेले नसतात. चौकांत अंतर २५० मीटरच असेल तर जायला साडेबावीस सेकंद पुरतात. जाणाऱ्यांसाठी ऑफसेट तेवढा ठेवला की येणारे पहिल्या चौकात ४५व्या सेकंदाला पोचतात. तिथला हिरवा ३६व्या सेकंदालाच गेलेला असतो. पुढचा लागेपर्यंत त्यांना २७ सेकंद उभे राहावे लागते. कितीही हुशार माणूस बसवला, कितीही महागडे यंत्र आणले तरी २५० मीटर, ताशी ४० किलोमीटर आणि ७२ सेकंद यांतून दोन्ही दिशांना पूर्ण मोकळी वाट निघत नाही. कुणाला तरी थांबवावेच लागते.

हा झाला एकच रस्ता. आडवे-उभे रस्ते आले की अडचण आणखी पक्की होते. चार चौकांनी बनलेल्या एका चौकोनात तीन बाजूंचे ऑफसेट ठरवले की चौथा आपोआप ठरून जातो, मग त्या चौथ्या बाजूच्या लोकांना तो सोयीचा असो वा नसो. म्हणूनच सकाळी शहराच्या मध्याकडे येणाऱ्यांना लाट देतात आणि संध्याकाळी बाहेर जाणाऱ्यांना. यात चूक काहीच नाही. फक्त हे वाटप आहे, एवढे मान्य करावे. ज्या वस्तीतले लोक सकाळी उलट दिशेने कामाला जातात त्यांच्या वाट्याला रोज लाल दिवे येतात, आणि हे त्यांचे नशीब नसून कुणीतरी घेतलेला निर्णय असतो.

गर्दीच्या वेळी कागदावरची लाट टिकते का, हाही प्रश्न आहेच. दुसऱ्या चौकात आधीच दहा गाड्या उभ्या असतील तर? रांगेतल्या प्रत्येक गाडीला रेषा ओलांडायला साधारण दोन सेकंद लागतात आणि पहिल्या गाडीला हलायला आणखी दोनेक. म्हणजे रांग मोकळी व्हायला बावीस सेकंद. मागून येणारा जथा तिच्यावर आदळून थांबू नये असे वाटत असेल तर ४०० मीटरच्या त्या पहिल्या उदाहरणातला दुसरा दिवा ३६व्या सेकंदाला लावून चालणार नाही, तो १४व्या सेकंदालाच लावायला हवा. रांग याहून लांबली तर पुढचा सिग्नल मागच्याच्याही आधी सोडावा लागतो. आणि रांग मागच्या चौकात शिरू लागली की हिरव्या लाटेची भाषाच संपते. तेव्हा आडवा रस्ता अडू नये म्हणून मागेच गाड्या रोखून धरणे हे खरे काम असते. त्यामुळे ‘सगळे सिग्नल जुळवले की कोंडी संपेल’ असे आश्वासन कुणी दिले तर ते तपासून घ्यावे. रस्ता भरायच्या आत जुळवणीचा फायदा मोठा असतो. रस्ता भरल्यावर ती फार तर गोंधळ आवरते.

आता वेगाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते यावर आणि पायी चालणाऱ्यांवर.

लाटेला वेग असतो आणि तो आपण निवडतो. वरच्या उदाहरणात ताशी ६० किलोमीटरने गाडी पळवणारा २४ सेकंदांत पुढच्या चौकात पोचेल आणि तिथे बारा सेकंद लाल दिव्यापुढे उभा राहील. मागून ताशी ४० ने आलेला माणूस न थांबता त्याच्यासोबतच चौक ओलांडेल. हे दोन-तीन चौकांत अनुभवले की पळवण्यात अर्थ नाही हे चालकाला कळते. ना पोलीस, ना कॅमेरा, ना गतिरोधक, तरी वेग आवरतो. सॅन फ्रान्सिस्कोने व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरचे सिग्नल २००९ साली ताशी १३ मैल, म्हणजे साधारण २१ किलोमीटर, या वेगाला जुळवले. सायकलवाल्यांना सलग हिरवा मिळावा हा उद्देश होता. कोपनहेगनमध्ये नॉरेब्रोगेड या रस्त्यावर सायकलींसाठी ताशी २० किलोमीटरची लाट आहे. 

उलट, लाट चुकीच्या वेगाला बसवली किंवा सगळे दिवे एकदम हिरवे केले तर तेच सिग्नल चालकाला पळायला शिकवतात. लांबवर सगळे दिवे एकाच वेळी हिरवे दिसले की जेवढे चौक पदरात पडतील तेवढे पाडून घ्यावेत असे कुणालाही वाटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो आणि मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेल्यावर साडेचार पट होते. तेव्हा ऑफसेटचा आकडा भरणारा माणूस रस्त्यावरचा धोकाही ठरवत असतो. ज्या रस्त्यावर दुकाने आहेत, शाळा आहेत, माणसे सतत आडवी जातात, तिथे लाटेचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर लगेच हरकत येते की मग प्रवासाला किती वेळ लागेल? हिशेब करून पाहू. चार किलोमीटर अंतर ताशी ३० ने न थांबता कापायला आठ मिनिटे लागतात. तेच अंतर ताशी ५० ने, पण वाटेत आठ लाल दिव्यांवर अर्धा-अर्धा मिनिट थांबत कापले तर पावणेपाच मिनिटांच्या वर धावण्यात जातात आणि चार मिनिटे थांबण्यात. एकूण पावणेनऊ मिनिटांच्या पुढे. शिवाय प्रत्येक लाल दिव्यापासून पुन्हा वेग घेताना जळणारे इंधन, ब्रेकची धूळ आणि आवाज वेगळाच. रस्त्यावर चालकाला जो वेग जाणवतो आणि घरी पोचायला जो वेळ लागतो, त्यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

आता आवर्तनाच्या लांबीचा प्रश्न. इथे सगळ्यात मोठा अन्याय होतो आणि सगळ्यात कमी बोलले जाते.

प्रत्येक पाळी बदलताना काही सेकंद वाया जातात: पिवळा दिवा, सगळीकडे लाल असतानाची विश्रांती, रांग हलायला लागणारा वेळ. आवर्तन लांब केले की अशा बदलांची संख्या घटते आणि तासाला जास्त गाड्या निघतात. म्हणून गर्दी वाढली की आवर्तन वाढवणे हा हमखास वापरला जाणारा उपाय. पण त्याचा फायदा लवकर आटतो. एका आवर्तनात १६ सेकंद वाया जाणारा चौक घ्या. ६० सेकंदांचे आवर्तन असेल तर ७३ टक्के वेळ उपयोगी पडतो, ९० सेकंदांचे असेल तर ८२ टक्के, १२० चे असेल तर ८७ टक्के. पुढे १८० पर्यंत नेले तरी ९१ टक्केच. शेवटच्या चार टक्क्यांसाठी आपण साठ सेकंद वाढवले. एफ. व्ही. वेब्स्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ साली सर्वांत कमी खोळंबा होईल असे आवर्तन काढण्याचे सूत्र दिले. ते आजही शिकवले जाते. त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही: सूत्राने दिलेल्या आकड्याच्या पाऊण पट ते दीड पट या टप्प्यात आवर्तन कितीही ठेवले तरी गाड्यांचा खोळंबा किमानपेक्षा दहा ते वीस टक्क्यांहून जास्त वाढत नाही. सूत्र १२० सेकंद म्हणत असेल तर ९० ठेवून गाड्यांचे फारसे बिघडत नाही.

पायी चालणाऱ्याचे मात्र खूप बिघडते. त्याला प्रत्येक आवर्तनात रस्ता ओलांडायला २० सेकंद मिळतात असे धरू. आवर्तन १८० सेकंदांचे असेल तर तो सरासरी ७१ सेकंद थांबतो आणि नशीब फिरले तर १६०. आवर्तन ९० चे केले तर सरासरी २७ सेकंद. अमेरिकेतल्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलने फार पूर्वी नोंदवले आहे की थांबणे तीस सेकंदांच्या पुढे गेले की पादचारी अधीर होतात आणि धोका पत्करायला लागतात. ‘लोक सिग्नल पाळत नाहीत’ म्हणून पादचाऱ्यांवर वैतागणाऱ्यांनी आधी त्या चौकात घड्याळ लावून उभे राहावे. दोन मिनिटे कडकडीत उन्हात किंवा धो धो पावसात उभे राहून समोरचा रस्ता मध्येच मोकळा दिसत असताना माणूस थांबून राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मिळालेले २० सेकंद तरी पुरतात का? २४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर या गृहीत वेगाने बरोबर २० सेकंदांत ओलांडता येतो. पण गुडघे दुखणारी आजी, मूल कडेवर घेतलेली आई किंवा कुबड्या वापरणारा माणूस या वेगाने चालत नाही. सेकंदाला ०.९ मीटर चालणारी व्यक्ती वेळ संपते तेव्हा १८ मीटरवर असते. सहा मीटर उरलेले असतात, म्हणजे जवळजवळ दोन मार्गिका, आणि नेमक्या त्याच मार्गिकांतल्या गाड्यांना आता हिरवा लागलेला असतो. आकडेमोड करणाऱ्याने सात सेकंद वाचवले, त्यांची किंमत कुणी मोजली ते इथे दिसते.

दुभाजक असलेल्या रुंद रस्त्यावर आणखी एक प्रकार होतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांची लाट वेगवेगळ्या वेळी पोचते, म्हणून दोन्ही अर्ध्यांचे पादचारी दिवे वेगवेगळ्या वेळी हिरवे करतात. माणूस अर्धा रस्ता ओलांडतो आणि दुभाजकावर अडकतो. दोन्हीकडून गाड्या जात असतात, उभे राहायला जेमतेम हातभर जागा असते. गाडीसाठी हिरवी लाट आखताना चालणाऱ्यासाठीही एक छोटी लाट आखता येते: पहिला अर्धा भाग पार होईपर्यंत दुसऱ्या भागाचा दिवा हिरवा झालेला असेल इतकेच पाहायचे. गणिताच्या दृष्टीने ही एक जादा अट आहे. ती घालायला कुणी सांगत नाही, म्हणून घातली जात नाही.

आणि जुळवणीमुळेच ही समस्या पसरते, हेही सांगायला हवे. सगळ्या सिग्नलचे आवर्तन सारखे ठेवायचे म्हणजे साखळीतल्या सगळ्यात मोठ्या चौकाला जे लागते ते सगळ्यांवर लादायचे. दोन किलोमीटरवरच्या मोठ्या चौकाला १५० सेकंद हवेत म्हणून इथल्या छोट्या तिठ्यावरची मुलेही शाळेत जाताना १५० सेकंदांच्या चक्रात अडकतात. छोट्या चौकाला निम्मे आवर्तन, म्हणजे ७५ सेकंद, देता येते आणि लाट मोडत नाही. दर दुसऱ्या फेरीला तो मोठ्या चौकाशी जुळतोच. इतकी साधी सोय असूनही ती कुठे वापरायची हे ठरवायला छोट्या चौकाची बाजू मांडणारे कुणीतरी त्या बैठकीत असावे लागते.

यावरचे नेहमीचे उत्तर असे की आता यंत्रे हुशार झाली आहेत, रस्त्याखालचे सेन्सर आणि वरचे कॅमेरे गाड्या मोजतील आणि सिग्नल आपोआप बदलतील. अशा प्रणाली नव्या नाहीत. सिडनीत स्कॅट्स ही प्रणाली १९७० च्या दशकात उभी राहिली आणि ब्रिटनमधल्या स्कूटच्या चाचण्या त्याच दशकात ग्लासगोत झाल्या. दोन्ही आजही अनेक शहरांत चालतात आणि चांगल्या चालतात. वाहतूक दिवसागणिक बदलते तिथे ठरीव वेळापत्रकापेक्षा त्या नक्कीच सरस ठरतात. पण कोणतीही प्रणाली तिला जे कमी करायला सांगितले तेच कमी करते. गाड्यांचा खोळंबा कमी कर म्हटले तर ती गाड्यांचा कमी करेल. जमिनीखालच्या सेन्सरला लोखंड कळते, माणूस कळत नाही. झेब्रा क्रॉसिंगशी ताटकळलेली वीस माणसे त्याच्या हिशेबात नसतात आणि गच्च भरलेली बस त्याला फार तर दोन-तीन मोटारींएवढी वाटते.

बसचा हिशेब माणसांत मांडून पाहा. चाळीस प्रवाशांची एक बस लाल दिव्यावर वीस सेकंद थांबली तर माणसांचे ८०० सेकंद गेले. मिळून बारा माणसे बसलेल्या दहा मोटारी तेवढ्याच थांबल्या तर २४० गेले. बस जवळ येत असताना हिरवा पाच-सात सेकंद लांबवणे किंवा लाल थोडा आधी संपवणे कधीच जमू लागले आहे. झुरिक शहराने अनेक दशकांपूर्वी हे धोरण म्हणून स्वीकारले: ट्राम आणि बस सिग्नलवर शक्यतो थांबू नये, आणि बाकीची जुळवणी त्याभोवती करायची. शहराच्या सीमेवर मोटारींना थोडे रोखून धरायचे आणि आत ट्राम वाहती ठेवायची, हेही त्यांनी सिग्नलनेच साधले. तिथले यंत्र इतरांहून वेगळे होते म्हणून हे घडले नाही. आधी काय हवे ते ठरले, मग यंत्राला तसे सांगितले गेले.

फक्त मोटारींसाठी केलेली जुळवणी फार काळ पुरत नाही, याला आणखी एक कारण आहे. रस्ता वाहता झाला की आधी दुसऱ्या वाटेने जाणारे, दुसऱ्या वेळी निघणारे किंवा बसने जाणारे लोक मोटार घेऊन तिथे येतात आणि मिळवलेली जागा भरून जाते. लॉस एंजेलिसने १९८४ च्या ऑलिम्पिकच्या वेळी सिग्नल केंद्रातून चालवायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत शहरातले जवळजवळ ४,४०० सिग्नल एकमेकांशी जोडून घेतले. एवढे मोठे काम क्वचितच कुठे झाले असेल. तरी त्या शहराची कोंडीसाठीची ख्याती काही पुसली गेली नाही. याचा अर्थ काम वाया गेले असा मी काढत नाही, त्याशिवाय परिस्थिती आणखी वाईट झाली असती. पण वाचवलेले सेकंद कुणाला द्यायचे हा प्रश्न यामुळे अधिक महत्त्वाचा होतो. मोटारींना दिलेले सेकंद काही महिन्यांत नव्या मोटारी खातात. बसला दिलेल्या सेकंदांमुळे बस वेळेवर धावते आणि आणखी माणसे तिच्यात बसतात. पादचाऱ्याला दिलेले सेकंद तर कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

देखभालीबद्दल थोडक्यात. जुळवणीची सगळी भिस्त घड्याळांवर असते. तारेने जोडलेले नसलेले कंट्रोलर आपापल्या घड्याळावर चालतात. वीज गेली-आली किंवा घड्याळ दहा सेकंद मागे पडले की ऑफसेट दहा सेकंदांनी चुकतो आणि वरच्या उदाहरणातल्या लाटेचा चौथा हिस्सा तिथेच कापला जातो. उपग्रहावरून वेळ घेणारी घड्याळे बसवली की हा त्रास जातो. शिवाय नवी वसाहत, नवी शाळा, वळण बंद, असे काही ना काही घडत राहते आणि तीन ते पाच वर्षांत जुने वेळापत्रक शिळे होते. उद्घाटनाला पैसे मिळतात, फेरमोजणीला मिळत नाहीत. हे बदलायला हवे, आणि त्यासाठी वेगळे अंदाजपत्रक हवे. जी महापालिका सिग्नल बसवते पण ते पुन्हा मोजायला माणूस ठेवत नाही, तिने निम्मेच काम केले आहे.

जुळवणी सगळीकडेच हवी असाही आग्रह नको. दोन चौकांत फार अंतर असेल तर वाटेत जथा विस्कटतो. कुणी पुढे पळतो, कुणी मागे राहतो, आणि लाट पोचेपर्यंत ती लाट राहत नाही. तिथे चौक स्वतंत्र ठेवून समोर जे येईल त्याप्रमाणे चालवणे बरे. रात्री उशिरा तर साखळी सोडूनच द्यावी. रिकाम्या चौकात दीड मिनिट लाल दिव्यापुढे उभा केलेला माणूस सिग्नल तोडायला तिथेच शिकतो.

शहराकडे काय मागायचे? प्रत्येक चौकाचे वेळापत्रक जाहीर करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र यांचे आवर्तन किती, कुठल्या बाजूला हिरवा किती, लाट कुठल्या दिशेने आणि कोणत्या वेगाची, बसला प्राधान्य आहे की नाही. मोठा बदल करण्याआधी तो त्या भागातल्या लोकांपुढे ठेवा. अभियंत्यांना वाटेल की मग प्रत्येक गल्ली आपल्यासाठी हिरवा मागेल. मागू दे. आजही दबाव येतोच, फक्त तो ज्यांची ओळख आहे त्यांचा येतो. आकडे सगळ्यांसमोर असले तर एका बाजूची मागणी मान्य केल्यावर दुसऱ्या बाजूचे किती सेकंद गेले हेही सगळ्यांसमोर येईल आणि अभियंत्याला नाही म्हणायला आधार मिळेल.

आराखडा करतानाचा क्रमही उलटा करावा लागेल. आज आधी मोटारींची लाट आखतात आणि उरलेल्या सेकंदांत पादचाऱ्याला बसवतात. आधी हळू चालणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला लागणारे सेकंद राखून ठेवावेत. मग त्याला जास्तीत जास्त किती थांबवायचे ते ठरवावे, त्यावरून आवर्तन काढावे, लाटेचा वेग रस्त्यावरच्या माणसांकडे पाहून निवडावा, बसची सोय करावी आणि या चौकटीत राहून मोटारींसाठी जेवढी चांगली लाट मिळेल तेवढी घ्यावी. ती पुष्कळ चांगली मिळते, वेब्स्टरचे आकडे तेच सांगतात. आणि नवा आराखडा मंजुरीला आला की पहिल्या पानावर एक रकाना असावा: या चौकात पायी माणसाला जास्तीत जास्त किती सेकंद थांबावे लागेल. तो आकडा नव्वदच्या वर असेल तर पुढची पाने न उलटता आराखडा परत पाठवावा.